कुणी कुणाला बोलावलं

करमाळ्याच्या शाळेत डोळे तपासायला साठ-पासष्ट माणसं बसली होती आणि एका फोटोला चार मिनिटं लागत होती. नवा कॅमेरा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचा आणि साखरेनं पडदा खराब झालाय का, ते लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम सांगायचा. प्रोग्रॅम राजेश्वरीच्या सोलापूरच्या कंपनीचा होता. डॉक्टर आरोही तिला म्हणाल्या, या वेगानं निम्मी माणसं न तपासता परत जातील आणि त्यातली बरीच पुन्हा यायची नाहीत. एक वाजेपर्यंत काय होतं ते बघ.

वेळ कुठं जातोय हे मोजणारं साधन राजेश्वरीनं लावलं. जवळजवळ सगळा वेळ फोटोची नक्कल करण्यात जात होता. नक्कल करणारं फंक्शन, म्हणजे एक ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा, बाहेरून आणलेल्या लायब्ररीतलं, इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचातलं, प्रोग्रॅममध्ये पन्नास ठिकाणी वापरलेलं. त्याला कुणी बोलावलं, त्या जागी नुसतं ‘अज्ञात’. राबणारा दिसत होता, कामाला लावणारा दिसत नव्हता.

तिनं अंदाजानं दोन ठिकाणी बदल केले. तासभर गेला. चार मिनिटं चारच राहिली.

मग तिनं सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या ऑफिसात सहकारी सोमेशला फोन लावला. आपला प्रोग्रॅम आणि ती लायब्ररी, दोन्ही नव्यानं कंपाइल करते, मूळ कोडवरून पुन्हा बांधून घेते, म्हणाली. आपल्याला कुणी बोलावलं याची खूण प्रत्येक फंक्शन मागं ठेवू शकतं. वेग वाढावा म्हणून बांधताना कंपाइलर ती काढून टाकतो. ती ठेवायला सांगायची.

“आधीच रखडतंय, त्यात आणखी ओझं टाकतेस?” सोमेशनं विचारलं.

“दोन टक्के वेग गेला तर जाऊ दे. मला आधी बघायचंय.”

कंपाइल व्हायला वीस मिनिटं लागणार होती. रांगेत पहिल्या बसलेल्या रंभाबाई उठून आल्या. अकरा वर्षांची साखर, डाव्या डोळ्यापुढं धुकं. साडेबाराची एसटी धरू का थांबू, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी राजेश्वरीकडं पाहिलं. हातात अजून काहीच नव्हतं, तरी राजेश्वरी थांबा म्हणाली. एसटी गेली.

बारा चाळीसला तिनं प्रोग्रॅम पुन्हा चालवला, आणि माऊसवरचा तिचा हात थांबला.

‘अज्ञात’ कुठंच नव्हतं. प्रोग्रॅम सुरू होतो त्या पहिल्या फंक्शनपासून थेट नक्कल करणाऱ्यापर्यंत एकाखाली एक एकतीस नावं उभी होती. यानं त्याला बोलावलं, त्यानं पुढच्याला. तीन वर्षं ती या प्रोग्रॅममध्ये काम करत होती. त्यातली काही नावं नोकरी सोडून गेलेल्यांनी ठेवलेली, काही लायब्ररी लिहिणाऱ्या, कधी न भेटलेल्या माणसांनी. एवढी सगळी एका फोटोसाठी एकमेकांना हाक मारत होती, आणि हे तिनं सबंध कधी पाहिलंच नव्हतं. घाई विसरून तिनं पडद्यावर बोट ठेवून सगळी नावं वाचली.

अठ्ठाविसावं नाव तिनं स्वतः ठेवलेलं होतं. फोटोची एकेक ओळ तपासणारं छोटंसं फंक्शन. प्रत्येक ओळीला ते अख्खा फोटो नव्यानं नकलून घेत होतं. जुन्या कॅमेऱ्याच्या लहान फोटोंत ते कधी जाणवलं नव्हतं. फोटो नकलू नकोस, आहे तिथंच बघ, एवढं सांगणारं एक चिन्ह तिच्याकडून राहिलं होतं. तिनं ते घातलं आणि तेवढाच तुकडा पुन्हा कंपाइल केला. सोमेशला फोनवर सांगितलं, चूक माझीच होती. तो म्हणाला, ती नावं मलाही पाठव, बघू दे.

पुढचा फोटो रंभाबाईंचा. नऊ सेकंद.

डोळ्याच्या पडद्यावर दोन जागी रक्त उतरलं होतं. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाल्या, उपचार होईल. त्यांनी लॅपटॉप रंभाबाईंकडं वळवला. तांबूस गोळा, आणि एका ठिपक्यातून निघून सगळीकडं फुटत गेलेल्या बारीक लाल रेघा.

“हे काय म्हणायचं?”

“तुमचा डोळा, आजी. आतून.”

रंभाबाई उजवा डोळा पडद्याजवळ नेऊन बघत राहिल्या.

“एवढं समदं व्हतं व्हय आत,” त्या हळूच म्हणाल्या.