विहिरीचा तळ

वादळानंतर समुद्र तीन अंशांनी गार झाल्याचं समुद्रातली यंत्रं सांगत होती. श्रावस्तीचं संगणकातलं मॉडेल मात्र एकाच अंशावर अडून बसलेलं. सुट्टीत परंड्याजवळच्या गावी येऊनही ती त्यातच डोकं खुपसून होती.

तिची अडचण ऐकून तात्याराव लेकीशेजारी टेकले. "विहिरीत वरचं पाणी कोमट, तळाचं गारढोण. खोल ढवळलं तरच गार पाणी वर येतं. तुझं वादळ लई वरवर ढवळतंय, पोरी."

तिनं मॉडेलमधल्या वादळाला आणखी खोल ढवळायला लावलं. आकडे जुळले.

"तात्या, तुम्ही तर समुद्र कधी बघितलाच नाही!"

"गावची विहीर बघितली ना. आपल्या लोकांना तिला शिवायची बंदी होती. बंदी उठली त्या दिवशी पहिला सूर म्याच मारला." तात्याराव मिशीत हसले. "तळाला हात लावूनच वर आलो."