चार नंबरची विहीर

खाणीचा विषारी गाळ अडवणाऱ्या बंधाऱ्याखाली चार नंबरची विहीर आहे. नऊ वर्षं मी तिचं पाणी तपासलं, आणि नऊ वर्षं खाणीतल्या माझ्या वरिष्ठांनी, सागिनबेकसाहेबांनी, माझा आकडा खोडून ‘पिण्यायोग्य’ लिहिलं. ते पाणी पिऊन माझ्या दोन्ही घोड्या मेल्या, तेव्हा साहेब हसले होते. “बुरुल, घोड्यांना अहवाल वाचता येत नाही, त्याला मी काय करू?”

काल साहेब निवृत्त झाले. वडीलधाऱ्यांनी अंगावर चापान, म्हणजे मानाचा लांब झगा, चढवून दिलेली भेट आम्हां किरगिझांत कुणी नाकारत नाही. नाकारली तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. तसा चापान चढवून गावानं साहेबांना घरासाठी जमीन दिली.

“कुठं आहे, आबा?” साहेबांनी खुशीत गावच्या सर्वांत वडीलधाऱ्याला विचारलं.

“चार नंबरच्या विहिरीला लागून. बुरुलनं तुमचे अहवाल वाचून दाखवले. एवढं शुद्ध पाणी अख्ख्या खोऱ्यात नाही म्हणे!”

साहेब पांढरेफटक पडले. माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, “अगं, सांग ना त्यांना खरं काय ते!”

मी त्यांच्या चापानाचा पट्टा करकचून आवळला.


“घोड्यांना वाचता येत नव्हतं, साहेब. तुम्हाला येतं ना?”