पुकारा बंद

“सुभद्रा नरवडे गैरहजर. पोटगीचा दावा काढून टाकावा.” पडद्यावर आपोआप उमटलेल्या या ओळीखाली सही करायच्या आधी न्यायाधीशबाईंनी विचारलं, “दारातून नावाचा पुकारा केला होता?”

“पुकारा बंद केला, मॅडम,” नव्या यंत्रणेचे प्रमुख ऐटीत म्हणाले. “आता मोबाईलवर संदेश जातो. उत्तर नाही आलं, की पुढचं प्रकरण. विमान कंपनीत मी हेच बसवलं होतं. एका प्रवाशासाठी विमान थांबत नाही.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तुम्ही विमानं वेळेवर सोडलीत, साहेब. मी असल्याच व्हरांड्यांत वकिली करत केस पिकवले. इथं बाया पहाटेच्या एसटीने येतात आणि नाव ऐकू येईपर्यंत पाणी प्यायलाही उठत नाहीत. अर्जावर नंबर कुणाचा असतो? घरातल्या एकुलत्या मोबाईलचा. आणि तो असतो, ज्याच्यावर दावा लावलाय त्या नवऱ्याच्या खिशात!”

बाई खुर्चीवरून उतरल्या, दारात गेल्या आणि स्वतःच ओरडल्या, “सुभद्राऽऽ नरवडेऽऽ!”

“हाय की, बाई!” भिंतीला टेकलेली एक बाई पिशवी सावरत उठली.

तिच्यामागे, सकाळपासून गैरहजर ठरलेला अख्खा व्हरांडा उभा राहिला.