कोपऱ्यातला लाल ठिपका

भिंत

सर्जनने तिच्याकडे पाहिलंही नाही. चित्रकर्ती आत आली, त्याच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला उभी राहिली, नमस्कार केला. तो समोरच्या भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्यांकडे बघत बायकोला म्हणाला, "आली का ती?"

"आल्यात, सर."

घरातसुद्धा सर. बायको त्याच्याच हाताखालची नर्स होती, ऑपरेशनच्या वेळी चिमटे, कात्र्या हातात देणारी. लग्न होऊन एवढी वर्षं झाली तरी ती सवय गेली नसावी. तिने पाण्याचा ग्लास आणला आणि टेबलाला वळसा घालून त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. चित्रकर्तीला मनातल्या मनात हसू आलं.

मग सर्जन खुर्चीसकट वळला. अगदी पूर्ण. नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाने जसं बघावं, तसं त्याने तिला बघितलं.

चित्र दाखवण्यासाठी खुंट्यांवर टांगलेले दोन डिजिटल पडदे त्याने एकामागून एक दुकानदाराला परत केले होते. संग्राहकांच्या गटावर लिहिलं होतं: लाल ठिपक्यासाठी चित्र घेतलं, ठिपका मिळाला नाही, ही सरळ फसवणूक आहे. गटात त्याचा शब्द चालायचा. गॅलरीने चित्रकर्तीला बजावलं होतं, हे मिटव, नाहीतर तुझं प्रदर्शन विसर.

तिने त्याच्या पडद्याचा फोटो मागितला होता. त्याचं उत्तर आलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तिने जोर धरला नाही. चोराच्या मनात चांदणं.

कारण ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणालाच खोडता न येणाऱ्या त्या ऑनलाइन नोंदवहीत, तिने चित्र ठेवलेलंच नव्हतं. ठेवला होता तो चित्र काढणारा संगणकाचा कोड. पडदा सुरू झाला की कोड चालतो आणि चित्र त्या पडद्याच्या मापाने नव्याने काढलं जातं. काळ्यावर हजारो पांढरे फटकारे, वाऱ्याने झुकल्यासारखे. शेवटी वरच्या डाव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका. आणि त्या ठिपक्याची जागा ठरवताना तिने चूक केली होती. सगळं पडद्याच्या मापात, ठिपका मात्र मधल्या बिंदूपासून ठरावीक अंतरावर. पडदा बेताचा असला तर ठीक. अरुंद असला तर ठिपका कडेबाहेर. एका संग्राहकाच्या फोनवर तो अर्धाच उमटला होता. तेव्हा तिने सांगितलं, हाच तर या कलेचा स्वभाव, दर पडद्यावर वेगळं. त्याला ते फार आवडलं.

दुरुस्ती करता येत नव्हती. ब्लॉकचेनवर एकदा चढलं की चढलं. कर्त्यालाही हात लावता येत नाही.

टेबल

म्हणून ती स्वतःचा पडदा उचलून घेऊन आली होती. ज्याच्यावर हे चित्र जन्मलं, तोच. तिने तो टेबलावर भिंतीला टेकवून उभा केला, सुरू केला.

फटकारे आले. झुकले. स्थिरावले.

वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका उमटला. तिचा जीव भांड्यात पडला.

"नाही," सर्जन म्हणाला.

तिला वाटलं, चेष्टा आहे.

"मलाही नाही दिसत," बायको म्हणाली. ती पडद्याकडे नाही, सर्जनकडे बघत होती.

नवराबायकोने संगनमत करावं, तेही इतकं उघड? चित्रकर्तीचा तोल गेला. "मॅडम, डोळ्यांवर कातडं ओढलंय का तुम्ही दोघांनी?"

"याच डोळ्यांच्या भरवशावर माणसं माझ्यापुढे छाती उघडून झोपतात, बाई," सर्जन म्हणाला. "उद्या सकाळीही एक झोपणार आहे. तुमच्या चित्रापुढे कोण झोपतं? फक्त बघणारे."

ठिपक्यावर बोट ठेवून दाखवावं म्हणून ती पुढे झाली. बायको मध्ये आली. खुंट्या आहेत, टांगूनच बघू, असं म्हणाली. वायर पुरणार नाही, तेव्हा उलटं टांगू.

स्वतःचं चित्र खाली डोकं वर पाय. एवढा अपमान तिचा कुणी केला नव्हता. पण आता तिला फक्त त्या दोघांना खोटं पाडायचं होतं. तिने टांगलं.

भिंत, पुन्हा

तोच कोड. तेच फटकारे, आता खालून वर झुकलेले. ठिपका खालच्या उजव्या कोपऱ्यात.

"आता आलं." सर्जन उठला आणि त्याने नेमकं ठिपक्यावर बोट टेकवलं. "बघा. आत्तापर्यंत नव्हतं."



त्याने अटी सांगितल्या. कोडमध्ये खोट होती, ती सर्जनच्या घरी त्याच्यासमोर निस्तरली, असं तिने गटावर लिहायचं. तो तक्रार मागे घेईल, प्रदर्शन होईल. कबूल?

ठिपका मघाशीही होता, हे सांगायला तिने तोंड उघडलं. सर्जनच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर बायकोने ओठांवर बोट ठेवलं. मग तोच हात त्याच्या डाव्या डोळ्याजवळ नेऊन सावकाश हलवला.

सर्जनची पापणीही लवली नाही; तो उत्तराची वाट बघत होता.

"कबूल," चित्रकर्ती म्हणाली.

दार

बायको तिला सोडायला बाहेर आली. लिहायचं ते आजच लिही, म्हणाली. दार ओढून घेऊ लागली.

चित्रकर्तीने दार हाताने अडवलं. "आणि उद्या सकाळी जो झोपणार आहे, त्याचं काय?"

"त्याची काळजी तू नको करूस," बायको म्हणाली. "ऑपरेशनच्या टेबलाशी मी सरांच्या डावीकडे असते. तिकडचं सगळं मीच कापते."