काढलेल्या भागाची चिठ्ठी

“परत मार!” उस्ताद ओरडले.

मुलीनं किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, बॉनेट थरथरलं, पण इंजिन पेटलं नाही. बॅटरी ठणठणीत, स्टार्टर ठणठणीत आणि बावीस वर्षांची गाडी जागच्या जागी.

“बास! आता बॅटरी उतरवतेस का?”

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. नातीची शाळा साडेबाराला सुटायची. तिला आणायला आपण जाणार, असं उस्तादांनी सकाळी चहा पितानाच जाहीर केलं होतं.

“मी जाते ना स्कूटरवरून, बाबा.”

“का? मी मेलोय का?”

स्कूटरची किल्ली मुलीच्या डाव्या मुठीत होती. गॅरेज चार वर्षांपासून ती चालवत होती. त्याआधीची अडतीस वर्षं ते उस्तादांचं होतं आणि रागावले की ते अजूनही त्यांचंच असायचं.

त्यांनी प्लग काढला, वायरीला जोडून इंजिनच्या अंगाला टेकवून धरला. “मार.” निळी ठिणगी तडतडली. ठिणगी आहे. म्हणजे पेट्रोल पोचत नाही. टाकीचा काटा अर्ध्यावर होता. मागचं दार उघडून त्यांनी सीटला कान लावला.

“नुसती किल्ली उघड. मारू नकोस.”

सीटखालच्या पेट्रोलच्या पंपाची दोन सेकंदांची घरघर यायला हवी होती. आली नाही.

“आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!” ते ताठ झाले. “तुझ्या शहाण्यांपैकी कुणी हात लावला हिला?”

“कुणीही नाही.”

“मग काय भुतानं?”

फ्यूजच्या डब्याचं झाकण त्यांनी नखानं उचकटलं. पंपाचा फ्यूज शाबूत होता. त्याच्या शेजारी पंपाचा रिले असतो. काड्यापेटीच्या निम्म्या आकाराची काळी डबी, तिच्यातून पंपाला वीज जाते. तिथे चार रिकाम्या खाचा होत्या. कडा स्वच्छ, एकही ओरखडा नाही. ज्यानं काढला, त्याला काढता येत होतं.

उस्तादांचा चेहरा लाल झाला.

या गॅरेजात एक कायदा होता. काढलेल्या प्रत्येक भागाची चिठ्ठी. काय काढलं, का काढलं, कुणी काढलं. भाग साधा वॉशर असला तरी. या चिठ्ठीपायी त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला कामावरून घालवलं होतं, आणि बायको दोन महिने बोलत नव्हती तरी परत घेतलं नव्हतं. चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा फळीवर होता. त्यांनी तो बाकावर उपडा केला. रेडिएटरची होती, ब्रेकची होती, कुणाच्या तरी आरशाची होती. पंपाच्या रिलेची नव्हती.

“चोरी करायची, तर निदान चिठ्ठी ठेवून करायची!”

“बाबा, जरा ऐका—”

“काय ऐकू? बापाची गाडी लंगडी करायची आणि वर साळसूद चेहरा करून किल्ली फिरवत बसायचं! मगापासून बघतेस, म्हातारा कसा वाकतोय, कसा कान लावतोय. गंमत वाटते? गाडी चालवू नका असं तोंडावर सांगायची हिंमत नाही तुझ्यात. आईवर गेलीस. ती पण अशीच गप्प बसून जीव खायची.”

मुलगी स्टिअरिंगवरचे हात न काढता समोर बघत राहिली.

“शोधा तुम्ही,” ती म्हणाली. “सापडेल तुम्हाला.”

“मला सांगतेस? बापाला बाराखडी शिकवतेस?” ते पुन्हा फ्यूजच्या डब्यावर वाकले. “हॉर्नचा रिले आणि पंपाचा रिले सारखाच असतो, विसरलीस? हा तिथे बसवला की गाडी सुरू. हॉर्न नसला तरी चालेल मला. जन्मात उगाच वाजवलेला नाही.”

त्यांनी दोन बोटांत धरून हॉर्नचा रिले उपटला.

त्याच्या अंगाला कागद गुंडाळलेला होता. वर रबर. रबर त्यांनी रागारागानं ओढून तोडलं आणि कागद सरळ केला. पेन्सिलीचं अक्षर होतं, तिरकं आणि ठसठशीत. ते त्यांचं स्वतःचं होतं.

*काढलं : पंपाचा रिले.*

*कारण : नातीला शाळेतून घेतलं. घर सापडलं नाही. चार तास. पोरगी मागच्या सीटवर रडत होती.*

*काढणारा : मी. हॉर्नचा रिले काढशील हे मला ठाऊक आहे. बसवू नकोस.*

त्याखाली ‘वाचलं’ असं लिहून तारीख आणि सही होती. त्याखाली पुन्हा ‘वाचलं’, तारीख, सही. असं पाच वेळा. पहिली सही सरळ होती. पाचवी कागदाच्या कडेपर्यंत घसरली होती.

मुलगी गाडीतून उतरली. तिनं बाकाच्या खणातून नवं रबर काढलं आणि हातात धरून त्यांच्याजवळ उभी राहिली.

उस्तादांनी कानामागची पेन्सिल काढली, कागद बॉनेटच्या कडेवर टेकवला आणि ‘वाचलं’ असं लिहिलं. मग ते थांबले.

“आज तारीख काय आहे गं?”