न ओळखलेली खिरापत

“नाही म्हणलं त नाही,” बाबा म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं.

“पण काहून?” अपेक्षा दारातच उभी राहिली, हातात फॉर्म घेऊन. शाळेची कबड्डीची टीम चार दिवस जबलपूरला चालली होती. बारा पोरींत तिचं नाव होतं, आणि खाली पालकाच्या सहीची जागा कोरी होती. सोमवारी सकाळी मॅडम फॉर्म गोळा करणार. सही नसली तर विषय खतम.

“काहून म्हणजे? नाही.”

मग तीन दिवस अपेक्षानं घर डोक्यावर घेतलं. झाडू मारताना ‘कबड्डी कबड्डी’, भांडी लावताना ‘कबड्डी कबड्डी’, बाबा आंघोळीला बसले की न्हाणीच्या दाराबाहेर एका दमात पन्नास वेळा. गेल्या वर्षी हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणतानाही हिचा आवाज फुटत नव्हता. आता फुटला होता, आणि बंद व्हायला तयार नव्हता.

“आई, तू तरी सांग ना बाबाले.”

“मी काय सांगू बाई? ते म्हणतीन ते.” आई तांदूळ निवडत होती. “जबलपूरले थंडी असन न आता? आन् पडली-गिडली त कोण पाहीन?”

“मॅटवर खेळतेत, आई. काही नाही होत.”

“हं,” आई म्हणाली आणि एक खडा बाजूला टाकला.

चौथ्या दिवशी बाबांनीच तोंड उघडलं. “ठीक हाय. रविवारी कोजागिरी. भुलाबाईची शेवटची खिरापत आपल्या घरी. तू डबा वाजव, मी तीनदा सांगीन. हारलो त सही करतो.”

“पक्का?”

“पक्का.”

“हौ, हे बरं हाय,” आतून आई लगेच म्हणाली.

बरं असायला कारण होतं. भुलाबाईची गाणी झाली की झाकलेला डबा वाजवायचा आणि आत खायला काय आहे ते आवाजावरून ओळखायचं, हीच खिरापत. गल्लीत पहिला मान हेमराज काकांचा, म्हणजे अपेक्षाच्या बाबांचा. गोंदिया रोडवर त्यांचं फरसाणाचं दुकान. डबा हलला की आत शेव आहे एवढंच नाही, ती जाड की बारीक तेही ते सांगत. शेजारच्या अनुसया मावशीची शंकरपाळी दोन दिवसांची शिळी आहे, हे त्यांनी एकदा चारचौघींत सांगितलं होतं. मावशी दिवाळीपर्यंत बोलल्या नव्हत्या. हेमराज काका कधी हरलेच नव्हते.

“तू गेली कामातून,” मयुरी म्हणाली. ती अपेक्षाची मैत्रीण, टीममधलीच.

“पाहून घेईन,” अपेक्षा म्हणाली.

रविवारी सकाळी तिनं बाजारातून पिशवीभर शिंगाडे आणले. तळ्यांतून नुकतेच निघायला लागले होते. बाबांच्या दुकानात न मिळणारी, त्यांच्या कानाला माहीत नसलेली चीज! बाबा दुकानात गेले तसे तिनं ते उकडले आणि सोलायला बसली. थोड्या वेळानं आईही पाट ओढून शेजारी बसली. पाक आईनंच पाहिला. सोललेले शिंगाडे गुळात घोळवून दोघींनी डब्यात भरले.

“कोणाले सांगू नको, आई.”

“मी कोणाले सांगू? हा जेवणाचा डबा घे, बाबाले देऊन ये.”

हे रोजचंच. डब्याच्या कडीत आईची चिठ्ठीही रोजचीच: कोथिंबीर आणा, गॅसचा नंबर लावा, पंखेवाल्याला सांगा. बाबा चिठ्ठी वाचून खिशात घालत, आणि चिठ्ठीत लिहिलेलं काम लग्नापासून आजवर एकदाही चुकलं नव्हतं. अपेक्षा सायकलवर शिट्टी वाजवत दुकानात गेली. डबा घेताना बाबांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. शिंगाड्यांच्या सालींनी ती काळी पडली होती.

“शाई सांडली का?”

“हौ.”

“बरं,” बाबा म्हणाले.

संध्याकाळी अंगणात चंद्र वर यायच्या आतच पोरी जमल्या. चुलीवर दूध आटत होतं. गाणी झाली. अपेक्षानं डबा दोन्ही हातांत धरून हलवला. आत जड काहीतरी थपथपलं. बाबांनी डोळे मिटले.

“बालूशाही.”

“नाही!”

“वाजव अजून.” तिनं वाजवला. “सुके गुलाबजाम.”

“नाही!” मयुरीनं अपेक्षाचा दंड घट्ट धरला.

“अहो, नीट आयका,” दुधाजवळून आई म्हणाली. दूध ढवळायचा डाव तिच्या हातातच थांबला होता. “शेवटचं हाय.”

बाबांनी डोळे उघडले. आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“खोबऱ्याचे लाडू,” ते म्हणाले.

“हारले! काका हारले!” पोरींनी अंगण दणाणून सोडलं. झाकण उडालं, शिंगाडे वाटले गेले, मयुरी दोन जास्तीचे घेऊन पळाली. बाबांनी एक तोंडात टाकला. “हे त माह्या डोक्यातच नाही आलं बाप्पा!”

आई बाबांकडेच पाहत होती. मागं दूध उतू गेलं.

अपेक्षा धावत फॉर्म घेऊन आली आणि बाबांच्या नाकासमोर धरला. “करा सही.”

“खिशातून पेन काढ. हात चिकट हायेत माहे.”

तिनं पेन ओढला. पेनाच्या क्लिपमध्ये अडकून एक घडी केलेला कागदही बाहेर आला, कडेला भाजीच्या तेलाचा डाग पडलेला. आत आईचं गोल गोल अक्षर होतं:

‘गुळातले शिंगाडे हायेत. पोरीले धाडायचं नाही. हारू नका.’