बंदुकीच्या खोळी

“ते टोक ओढू नको, पोरी.”

भैयाजींनी खोळीच्या तोंडावर तळहात ठेवला. शिपाई सपना थांबली. सिंदीच्या ठाण्यात टेबलावर दोन लांब खोळी पडल्या होत्या. एक हिरवी, एक जांभळी. दोन्ही भैयाजींच्या बायकोच्या, शकुंतलाबाईंच्या, जुन्या लुगड्यांच्या. दोन्हींची तोंडं सुतळीने शिवलेली.

“काका, नंबर पाह्यल्याशिवाय बंदूक वापस कशी देऊ?” हवालदार गोपाल म्हणाला. “दोन वर्सं झाले, तुमाले बलावून राह्यलो.”

ते खरं होतं. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर घेऊन जायच्या. लोकसभेच्या वेळी भैयाजींनी दोन्ही आणून दिल्या. महिन्याभराने शकुंतलाबाई गेल्या. ठाण्यातून फोन आला तेव्हा ते म्हणाले, विधानसभा येतेच आहे, राहू द्या. मग म्हणाले, नगरपालिका येतेच आहे. आता नगरपालिकाही झाली होती.

भैयाजी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. बंदुकांचा नाद तेव्हापासूनचा. चांगली बंदूक परवडत नव्हती, म्हणून ते कोणालाच नको असलेली शोधत. जिची काडतुसं मिळेनाशी झाली आहेत, जी बाजारात कधी चाललीच नाही, जिचा कारखाना दोन-चार वर्षांत बंद पडला, अशी. ती बकरीच्या भावात मिळे. त्यांच्या परवान्यावर दोनच बसत. तिसरी आवडली की घरातली एक देऊन टाकायची. पंचवीस वर्षांत अकरा बंदुका घरात येऊन गेल्या. एकीचाही बार झाला नाही.

परवाना शेतात येणाऱ्या रानडुकरांसाठी काढलेला होता. नवी बंदूक आली की शकुंतलाबाई हात पुसत बाहेर येत. एकदा भैयाजींनी दुनळी आणली. तिचा एक घोडा वरच होत नव्हता. शकुंतलाबाईंनी ती उलटसुलट पाहिली.

“गोळीचं कामच नाई,” त्या म्हणाल्या. “हे पाहून डुक्कर हसूनच मरन.”

मग त्या ओट्यावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, “दुनियेनं नाई म्हटलेलं तुमाले बरं सापडते. मलेई सात जनं पाहून गेलते.”

पुढे एका निवडणुकीत बंदुकीच्या दस्त्याला ओरखडा पडला. तेव्हापासून शकुंतलाबाई खोळ घालूनच बंदूक ठाण्यात पाठवत. खोळीचा तळ शिंप्याच्या मशीनवर शिवलेला. तोंड त्या स्वतः शिवत. पोत्याचा टाका होता तो. एक टोक ओढलं की सगळा एका दमात सुटे. आधीचे हवालदार ओळखीवर खोळ न उघडताच बंदूक ठेवून घेत आणि तशीच परत देत. घरी आल्यावर टोक भैयाजी ओढत. त्या समोर बसून पाहत.

एवढं सगळं ठाण्यात सांगण्यासारखं नव्हतं. भैयाजी म्हणाले, “हे तिनं शिवलं हाय. पुन्हा शिवाले ती नाई.”

गोपालने हातातला पेन खाली ठेवला.

सपनाने हिरवी खोळ हळूच फिरवली.

“तोंड राहू द्या,” ती म्हणाली. “तळाची शिवण मशीनची हाय. तिकडून काढू का, काका?”

भैयाजींनी तळहात उचलला.

तिने ब्लेडने दोन्ही खोळींच्या तळाचा एकेक टाका कापला. कापडाला धक्का लागू दिला नाही. दोन्ही बंदुका मागून बाहेर आल्या. नळ्यांवर गंज चढला होता. गोपालने नंबर वाचले, रजिस्टरशी लावून पाहिले. बरोबर होते. भैयाजींनी सही केली. मग रिकाम्या खोळींच्या घड्या घातल्या, शिवलेली तोंडं वर ठेवून, आणि पिशवीत ठेवल्या.

ते दारापर्यंत गेले तेव्हा गोपालने हाक मारली. “काका, बंदुका राह्यल्या न इथं.”

“राहू दे. सरकारजमा करा. अर्ज उद्या आनून देतो.”

“एवढ्या हौसेनं आनल्या होत्या तुमी.”

भैयाजींनी पिशवी काखेत नीट धरली.

“तिले हसवाले आनत होतो,” ते म्हणाले.